बिराच्या आईकडं नेलेलं नाणं

आमची पलटण त्या वर्षी उत्तरेच्या डोंगरात होती. मी हवालदार, सिग्नल प्लाटूनमध्ये. वडील सोलापुरात कारकून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी वर्दी घातली नव्हती. लान्स नाईक बिरा हा माझा लाईनमन. सांगोल्याकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. मला तो उस्ताद म्हणायचा. हेडक्वार्टरपासून पुढच्या कंपनीपर्यंत टेलिफोनची केबल टाकायची आणि तुटली की जोडायची, हे आमचं काम. लढाई सुरू झाल्यावर ती रोजच तुटायला लागली.

एका सकाळी पुढची कंपनी ठरल्यापेक्षा लवकर कड्यावर पोहोचली. त्यांचा रेडिओ सेट बंद पडला होता. केबलही तुटलेली. ते वर चढलेत हे खाली आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्याच तोफा थोड्या वेळात त्या कड्यावर मारा करणार होत्या. कंपनीचा काहीच पत्ता लागेना म्हणून सुभेदार साहेब अस्वस्थ होते.

"जोशी, तोफा सुरू व्हायच्या आत लाईन पाहिजे."

मी उठलो. बिरानं केबलचा ड्रम आधीच खांद्यावर घेतला होता.

"तुमी फोनपाशी बसा, उस्ताद. मला वाट म्हाईत हाय."

उघड्या उतारावरून तो वाकून पळत गेला. शत्रूचे गोळे पडत होते. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"उस्ताद, ऐकू येतंय का?"

"क्लिअर. पुढं कंपनी मिळते का बघ."

"मिळाली. कप्तान साहेब हायती. बोला."

कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "गन्स थांबवा. आम्ही वर आहोत."

मी निरोप तोफखान्याला दिला. तोफा थांबवल्या गेल्या. मग मी परत फोन उचलला.

"बिरा, मागं ये."

"येतो की."

तो आला नाही. दुपारी गोळाबारी कमी झाल्यावर मी आणि दोन जवान गेलो आणि त्याला खाली आणलं. केबलच्या जोडावर त्यानं टेप नीट गुंडाळली होती.

यंदा सोलापुरात माजी सैनिकांचा सत्कार झाला. लढाईत असलेल्या प्रत्येकाला चांदीचं स्मृतिनाणं दिलं. त्यावर बंदूक घेतलेला जवान कोरला आहे. माझं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या. मी सॅल्यूट केला, डबी घेतली, खाली येऊन बसलो. ती उघडून बघवेना. दुसऱ्या दिवशी सांगोल्याची एसटी धरली.

बिराच्या घरी पूर्वी जायचो तेव्हा त्याचे वडील बोलायचे, आई आतच असायची. वडील आता नाहीत. आई पार वाकली आहे. मी नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं अंगठ्यानं चाचपलं.

"ह्यो बिरा हाय व्हय?"

"नाही आई. असाच कुणी एक जवान."

"दिलं कुणाला?"

"मला. पण ते बिराचं आहे. तुम्ही ठेवा."

तिनं नाणं डबीत घातलं, झाकण लावलं आणि डबी माझ्या शर्टाच्या खिशात सारली.

"त्याचं जे पदक आलं ते भिंतीवर हाय. ह्ये तुमचं. तुमी बी तितंच हुतासा की."

ती समोर टेकली.

"त्यो गेला कसा, ते समद्यांनी सांगितलं. तितं राहायचा कसा, ते कुणी सांगितलं न्हाय. पोटभर जेवायचा का?"

मग मी सांगितलं. लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातल्या, रोट्या बघून तोंड वाकडं करायचा, आणि सगळ्यांत जास्त तोच खायचा. माझे मोजे घालून मलाच विचारायचा, उस्ताद, तुमचे पाय का गारठल्यात? आमच्या गढवाली ड्रायव्हरला त्यानं मराठीतली एक शिवी 'नमस्कार' म्हणून शिकवली. त्या बिचाऱ्यानं सुभेदार साहेबांना हात जोडून ती ऐकवली. साहेब साताऱ्याचे.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

"घरी बी असलाच हुता त्यो," ती म्हणाली. "आनखी सांगा."