नापास झालेला खंड्या

आमच्या घरातले अडीचशेच्या वर खंड्या पक्षी मी नापास केले, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो.

झालं असं, माझी मुलगी जुई अंजूरच्या खाडीवर खंड्या बघून आली आणि त्याची फिल्म करायला बसली. हाताने रंगवून! तीनशे कागदांवर तीनशे वेळा तोच पक्षी. परवा दुपारी कॉलेजात दाखवायची, वर्षाचा निकाल त्यावरच. कॅमेऱ्याचा स्टँड आणायला निघताना ती म्हणाली, "बाबा, कागद वाळलेत. जरा बघून गठ्ठा बांधा."

'बघून'! अहो, निजामपुऱ्यात लूमच्या कापडाचे तागे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. (एक धागा तुटलेला दिसला तरी मला झोप येत नाही. माझ्या बडबडीने बायकोला येत नाही.) चष्मा लावला आणि हादरलोच! एक नग दुसऱ्यासारखा नाही! कुणाचा पंख वर, कुणाचा खाली, काही ठिकाणी तर नुसता निळा फराटा! मागे आकडे होते. मला वाटलं, लॉट नंबर! पोरीची अब्रू वाचवायला मी एकसारखे, गप्प बसलेले चाळीस पक्षी निवडले. उरलेला डिफेक्ट माल कोपऱ्यावरच्या अन्वरभाईंना भजी बांधायला दिला.

जुईने येऊन गठ्ठा चाळला. "बाबा, उडणारा खंड्या कुठाय?"

"अगं, ते सगळे वेगवेगळे निघाले!"

"वेगवेगळेच हवेत! एकामागून एक दाखवले की तो उडतो!"

तसाच लुंगीवर धावलो.

"अन्वरभाई, खंड्या!"

"आधा माल गली में गया, काका! कागज एक नंबर था!"

मग काय, गल्लीतल्या दर लूमच्या कारखान्याच्या दारात मी हात जोडून उभा. "भाऊ, भजी खा, पण पक्षी द्या!" एकाने खंड्यावर चटणी वाढून घेतली होती. त्याने आधी चटणी संपवली, मग पक्षी दिला. तोवर जुई घरी रडत आकडे लावत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी कॉलेजात, परत मिळवलेल्या त्याच कागदांच्या फिल्ममध्ये, पडद्यावर खंड्याने सूर मारला आणि पाणी असं चमचमलं की मी टाळ्या वाजवतच उभा राहिलो! मॅडमनी विचारलं, "जुई, ही चमक कशी आणलीस?"

"बाबांनी मदत केली, मॅडम. कांदाभजीचं तेल आहे."

जुई पास झाली. घरी येताना बायको म्हणाली, "चला, सगळा माल पास! डिफेक्ट पीस घरात एकच उरला. आणि तो अन्वरभाई भजी बांधायलासुद्धा घ्यायचे नाहीत!"