कुत्र्याला वावरात हिस्सा

मुलांनो, तुम्ही तिकडे मांजर दत्तक घेतल्याचा फोटो आला आणि खाली प्रश्न, "आजी, तू कधी असं केलंस का?" मी घेतलं नाही, पण एकदा एक कुत्रा दत्तक द्यायला निघाले होते, आणि माझ्याच एका शब्दापायी तो जीवानिशी जाता जाता राहिला. आत्ता विषय निघालाय तर लिहूनच टाकते.

आमच्या यवतमाळच्या प्राणिमित्र मंडळात पांढरकवडा रस्त्यावर ट्रकखाली सापडलेला एक कुत्रा आणला होता. मागचा एक पाय कापावा लागला. महिना झाला तरी तो कोपऱ्यातून हलेना, धड खाईना. डॉक्टर म्हणाले, "हाल चाललेत त्याचे. इंजेक्शन देऊन सोडवू." अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ते दयामरणाच्या बाजूचे. मी म्हटलं, कुणीतरी नेईल. बरंच भांडून मला आठ दिवस मिळाले.

मी इंग्रजी नमुन्यावरून मराठी अर्ज छापून घेतला: 'दत्तकविधान अर्ज'. पूर्ण नाव, अपत्ये, स्थावर मिळकत, दोन साक्षीदारांच्या सह्या. माणसं यायची, कुत्र्याला पाहून हळहळायची आणि अर्ज वाचून चालती व्हायची. मी सगळ्या यवतमाळला निर्दय ठरवून टाकलं.

आठव्या दिवशी लोहाऱ्याकडच्या तांड्यावरची एक शेतकरीण तिसऱ्यांदा आली. मी पेन पुढे केलं, तिने हात मागे घेतला.

"काकू, मले दोन पोरं हायेत. या तिसऱ्याले वावरात हिस्सा द्या लागन काय?"

"कुत्र्याला कसला हिस्सा?"

"मंग साक्षीदार कायले? आमचे मालक म्हणते, सातबाऱ्यावर नाव चढन याचं."

अध्यक्षांना चहाचा ठसका लागला. मी विचारलं, "तुला कशाला हवाय हा?"

"डुक्करं सोयाबीन खाऊन राह्यले. राखणीले पाह्यजे."

"अहो बाई," अध्यक्ष म्हणाले, "तीन पायांचा कुत्रा डुकरामागे धावेल कसा?"

"भुंकते तं तोंडानं नं, गुरुजी!"

बोलता बोलता तिने फडक्यातली भाकर कुस्करून त्याच्यापुढे धरली. त्याने हुंगली, आणि खाल्ली. मग उरलेली मागायला तो धडपडत उभा राहिला. इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांनी त्याची जखम पुन्हा तपासली. म्हणाले, "ने बाई. जखम दाखवायला मात्र आण."

मी 'दत्तकविधान' खोडून वर 'राखणीसाठी' लिहिलं. मिळकतीचा रकाना अध्यक्षांनी स्वतः खोडला.

त्या वावरात डुकरं अजून येतात. सोयाबीन थोडंफार जातंच. कुत्रा म्हातारा झालाय, एका कानाने ऐकू येत नाही, पण आहे.