बाबीची नवी अन्ननळी

रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढताना हात गुंतलेले असतात, तोंडं मोकळी. त्यामुळे आमच्या रापणीत मासे कमी लागले, तरी किस्से कधी कमी पडले नाहीत. मी तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, तेव्हा सगळं ऐकून घेणं माझ्याच नशिबी. त्या वर्षी समुद्राने दिलं नाही, तेवढं आमच्या रापणीतल्या एकट्या बाबीच्या अन्ननळीने दिलं.

*

तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती. गोव्यात पोर्तुगीज होते आणि फेणीही होती. म्हणजे दारूबंदी कशी चालली असेल, ते सांगायला नको.

बाबी पोलिसांच्या भीतीने फेणीची बाटली घरामागच्या झावळांत लपवायचा. त्याची बायको जानकी घरीच खोबरेल तेलाचा साबण करायची. त्यासाठीचं कॉस्टिक सोड्याचं पाणी पोरांच्या हाती लागू नये, म्हणून तिनेही बाटलीत भरून लपवलं. जागा तीच.

पोलीस फसले, पोरं वाचली. बाबीने बूच काढून मोठा घोट घेतला.

*

आतली जखम भरली, पण अन्ननळी आवळत गेली. शेवटी पेजही उतरेना. मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं, मुंबईला न्या, नाहीतर हा भुकेने मरेल.

आमच्या शहाण्यांनी ठरवलं, आधी देवाला सांगू. बाबीची वाट मोकळी कर म्हणून गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. कोंबडा सगळ्यांच्या घशाखाली व्यवस्थित उतरला. बाबी भिंतीला टेकून बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मुंबईच्या बोटीत घातला.

*

मुंबईच्या सर्जननी सळ्या घालून नळी रुंद करून पाहिली. जमेना. मग पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. अंगात ताकद आली की मोठं ऑपरेशन, तोवर जेवण नळीतून.

घरी जानकी त्या नळीला नरसाळं लावून पेज ओतायची, माशाच्या कढीचं पाणी गाळून ओतायची. बायका कीव करायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "लगीन झाल्यापासून पयल्यांदाच ह्यांनी माझ्या जेवणाक नाव ठेवूक नाय."

*

श्रावणी सोमवारी जानकी सवयीने खाऱ्या बांगड्याचं सार ओतून बसली. बाबीचा उपास! जाळी तुणायची सोडून सगळी रापण वादाला बसली. पोटात मासा गेला, म्हणजे उपास मोडला की नाही?

आमच्यातले सगळ्यात म्हातारे अण्णा. त्यांनी निकाल दिला, "तोंड उष्टा जावक नाय, म्हणजे उपास मोडूक नाय."

त्या श्रावणात दोघातिघांनी माझ्याकडे मुंबईच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला.

*

मोठ्या ऑपरेशनला मीच बरोबर गेलो. सर्जननी समजावलं, मोठ्या आतड्याचा तुकडा छातीतून वर गळ्यापर्यंत आणू, तीच तुझी अन्ननळी. माणूस टेबलावरून उठेलच, अशी खात्री नाही, हेही सांगितलं.

मरणाचं ऐकून बाबी हलला नाही. त्याची अडचण वेगळी. "डॉक्टरानू, त्या आतड्यातसून आजपर्यंत काय गेला, तां तुमका ठावक आसा मां? आणि आता माझो बांगडो थयसून जातलो?"

डॉक्टर म्हणाले, स्वच्छ धुऊन घेऊ. तरी हा मान हलवीना. नळीवरच जगेन म्हणाला.

मी म्हटलं, "बाबी, तुझ्या तोंडातसून आजपर्यंत जां भायर पडला, तेच्यापेक्षा आतडा बरा."

त्याने संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

*

बाबी उठला. पोटातली नळी काढून घरी आला. पहिल्यांदा भात-कढी जेवणार, त्या दिवशी दशावतार बघायला यावी तशी रापण त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जमली. अण्णांना पुढची जागा.

जानकीने ताट वाढलं आणि खांबाला धरून उभी राहिली. ऑपरेशनसाठी त्याला बोटीत चढवतानाही ती रडली नव्हती. आता मात्र तिने पदर डोळ्यांना लावला.

बाबीने डोळे मिटून घास घेतला. चावला. गिळला. घास सावकाश उतरत होता, तो आपल्याच घशातून उतरतो आहे, अशी सगळ्यांची तोंडं.

बाबीने डोळे उघडले, जानकीकडे बघितलं.

"कढयेत मीठ कमी आसा," तो म्हणाला.

जानकी आत गेली. खुंटीवरचं नरसाळं काढून आणलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.