पदर घेतला तरी टिकेल असा विग

"अ‍ॅलोपेशिया टोटॅलिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. म्हणजे आपल्याकडची चाईच, पण डोकंभर. आपलंच शरीर आपल्या केसांच्या मुळांवर उठतं. "जिवाला धोका नाही," त्या म्हणाल्या. जिवाला नाही हो, पण माझ्या कामाला आहे की!

मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका साडीच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर आहे. साडी अंगावर लावून दाखवते. पदर खांद्यावर, मग डोक्यावर, पुन्हा खांद्यावर. दिवसभर हेच.

फेब्रुवारीत रुपयाएवढा चट्टा दिसला. आधी चट्ट्यांवर इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. उन्हाळ्यापर्यंत एक केस राहिला नाही. दवाखान्यात दोन-दोन तास बाकड्यावर बसायचं आणि शेजारच्या बाईनं विचारायचं, "तिरुपतीला जाऊन आला काय?" पहिल्यांदा हसले. चौथ्यांदा लई चिडले.

मालकांनी मला आत घड्या घालायला बसवलं. "बरं वाटेपर्यंत," म्हणाले. मला ना ताप, ना दुखणं. बरं काय वाटायचं होतं?

मॅडमनी बजावलं होतं, "विग वापरा, पण चिकटवू नका. या उन्हात गोंदाखाली कातडं सोलून निघेल." म्हणजे ग्लूलेस विग, बिनगोंदाचा. तुमच्यावर ही वेळ आलीच तर माझं ऐकून ठेवा, मी फार डोकेफोड केलीय.

पहिला घेतला हेडबँडवाला. कपाळावर रुंद कापडी पट्टी, मागं केस. घालायला सोपा, बसतोही घट्ट. पण काठपदराच्या साडीवर ती पट्टी बघून मला माझंच हसू आलं. त्यात सासूबाईंनी मायेनं त्याला खोबरेल चोळलं. प्लास्टिकचे केस ते, त्यांचा नुसता गुंता झाला. त्यांना काय बोलणार? न्हाणीत जाऊन रडले.

मग पार्लरवालीनं यू-पार्ट दाखवला. "एकदम नॅचरल, मधून तुमचेच केस दिसतात!" अहो, कुठायत माझे केस? मी रुमाल काढून दाखवला, तरी ही बाई फोनमधले फोटो पुढं सरकवतेय.

तिसरा जाळीच्या टोपीचा. भांगापाशी पातळ लेस, मागं ओढून घट्ट करायचा पट्टा, कडेला चार छोटे कंगवे. कंगवे स्वतःच्या केसांत अडकवायचे असतात. टकलावर ते नुसते रुततात. मी कापून टाकले आणि आतून मखमली पट्टी घातली, तिनं विग सरकत नाही. पण केस कमरेपर्यंत, चकचकीत! सगळे विग नवरीसाठीच बनवतात का? पंचेचाळिशीच्या बाईनं काय करावं? खांद्यापर्यंत कापून घेतला, भांग जरा विरळ करून घेतला.

विकणारे म्हणतात, मान हलवून बघा. मान हलवून काय होतंय? घरी पन्नास वेळा डोक्यावरून पदर घेऊन बघा. मी बघितला.

मालक म्हणाले, "शनिवारी एक दिवस उभ्या राहा. नाही जमलं तर आतलंच काम बघा."

शनिवारी दुपारी अक्कलकोटकडची एक बाई आली, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. "डोक्यावरनं घेऊन दावा की." घेतला. काढताना पदराची जर विगात अडकली आणि विग कानावर आला. मालक गल्ल्यावरून बघतच होते.

बाईनं काउंटरवरून हात घातला, जर सोडवली, दोन्ही हातांनी विग सरळ केला. "थांबा, भांग वाकडा झालाय. हां. आता ती मोरपंखी दावा."

मी मोरपंखी दाखवली. मग जांभळी, मग डाळिंबी, मग पुन्हा मोरपंखी. विग जागचा हलला नाही. चाळीस साड्या उलगडल्यावर ती उठली. "घरात इचारून येते," म्हणाली आणि गेली!

मालक म्हणाले, "सोमवारी आली तर काउंटरवर तुम्हीच बघा तिला." मी मान डोलावली आणि ढिगाऱ्यापुढं बसले. चाळीस साड्या! एक तरी घ्यायचीस की गं बाई! घड्या घालताना मी तिच्यावर अशी काही भडकले होते. पाच-सहा घड्या झाल्यावर ध्यानात आलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी केसांवरून नाही, गिऱ्हाइकावरून चिडले होते.