तिच्या पायाखालची लाट

उजवा हात वर, पंजा उघडा, नजर पडद्यावर. "ठैरो, बडी पीछे आरी." थांबा, मोठी मागून येतेय. आमच्या साहेबांचं हे नेहमीचं. माणूस पक्का मराठी, पण जन्म सुलतान बाजारातला. महत्त्वाचं काही सांगायचं झालं की तोंडात दखनीच यायची.

तारनाक्याला भूकंपाच्या नोंदी घेणाऱ्या खोलीत मी त्यांच्या हाताखाली होते. दूर कुठे जमीन हादरली की पडद्यावरची सरळ रेघ थरथरू लागे आणि आम्ही "केवढा, केवढा?" करत धावायचो. साहेब हात वर करत. पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या लाटा आधी पोचतात. पृष्ठभागावरून येणाऱ्या मागून, रमतगमत. पण लांबचा पल्ला गाठूनही जोर टिकतो तो त्यांचाच. संगणक कधीच आकडा सांगून मोकळा झालेला असे. साहेब मात्र ती मागची लाट बघितल्याशिवाय तोंड उघडतील तर शपथ. वरचे अधिकारी वैतागत. वैतागोत बापडे.

हे खूळ रस्त्यावरही चाले. दिलसुखनगरला ऑटो गेला म्हणून मी पाऊल टाकणार, तर साहेबांचा हात आडवा. "बडी पीछे आरी." आणि खरंच मागून बस आली.

नव्या मंडळींना ते परातीत पाणी घालून त्यावर चुरमुरा सोडून दाखवत. काठाला टिचकी मारली की लाट पलीकडे जाई, चुरमुरा डुलून तिथल्या तिथे. "पाणी कुठे जात नाही, हेलकावा जातो. जमिनीचंही तेच. एक गिरकी घेते आणि आपल्या जागी परत येते."

परत न आलेली एक मुलगी त्यांना होती. जपानला शिकायला गेली आणि तिथेच लग्न केलं, तेही कळवून न कळवल्यासारखं. साहेबांनी बोलणंच टाकलं. घरात तिचं नाव काढायची चोरी. मला राग यायचा, हट्टाला काही सुमार? एकदा तसं म्हटलंही. "तू रेघेकडे बघ," म्हणाले.

मग एका सकाळी रेघ हलली. थोड्या वेळात ठिकाण उमटलं. जपान, आणि तिच्या शहराच्या अगदी जवळ. त्या दिवशी साहेबांचा हात वर गेलाच नाही. दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते.

फोन माझा वाजला. माझ्याशी ती अधूनमधून बोलायची. "मावशी, मी बरी आहे. बाबांना सांग." मी फोन साहेबांच्या कानाला लावला.

पलीकडचंही ऐकू येत होतं. मग साहेब म्हणाले, "घर?"

"उभं आहे, बाबा. भांडी पडली सगळी. फोन ठेवू का आता?"

"नक्को. ठैर, बडी पीछे आरी. तुझ्या पायाखालून निघालीय, इथे पोचायचीय अजून."

भूकंपातून वाचलेल्या मुलीला असं कोणी सांगतं का? पण ती थांबली. लाट सावकाश येते हे त्या दिवशी बरंच झालं. तेवढ्यात जावयाचं नाव विचारून झालं, तिकडे वरणात घालायला चिंच मिळते का तेही झालं. मग पडद्यावर रुंद, संथ हेलकावे सुरू झाले.

"आली बघ," साहेब म्हणाले, आणि आमच्या देखत रडले. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

गेल्या वर्षी साहेब गेले. ती आली, दिवस करून परत गेली. परवा तिकडे पुन्हा हादरलं. इथे रेघ थरथरायला लागली आणि माझा फोन वाजला.

"मी ठीक आहे, मावशी." मग म्हणाली, "पोचली का गं?"

माझा हात आपोआप वर गेला. तिला कुठला दिसायला.

"ठैर," मी म्हटलं.

दोघीही फोन कानाला लावून बसून राहिलो.