दोरीवरचं पांढरं लुगडं

वाती वळायला कापूस हातात घेतला की मला अकोल्याच्या घरातली साठ सालाच्या आसपासची एक दुपार आठवते. तेव्हा आम्हा पोरींना भुतांच्या सिनेमांचं भारी वेड होतं, आणि मॅटिनी पाहून आलो की कोणता सिनेमा जास्त भेसूर यावरून भांडणं जुंपायची. त्या दिवशी चुलत बहीण म्हणाली, "थांबा, मी करूनच दाखोतो," आणि दोरीवर वाळत घातलेलं आत्याचं पांढरं लुगडं डोक्यावरून ओढून, केस मोकळे सोडून, कंदील घेऊन ती अंधाऱ्या माजघरातून सावकाश चालत आली. आम्ही किंचाळत एकमेकींच्या अंगावर पडलो. ऐन विशीत नवरा गेल्यापासून आत्या आमच्याकडेच राहायची. सिनेमाला जाणं तिला बंद होतं. आरडाओरडा ऐकून ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली, ओच्यात वळलेल्या वाती तशाच. "ते सिनेमातली बाई लोकायले करते काय?" तिनं विचारलं. "काईच नाई, नुसती दिवा घेऊन घरभर फिरते." "मंग तिले कावून भेता वं?" आत्यानं लुगडं काढून घेतलं, झटकलं आणि पुन्हा दोरीवर टाकलं. त्या संध्याकाळी कंदील घेऊन आमच्या खोलीत येताना ती दाराबाहेरच थांबली आणि म्हणाली, "मी व्हय वं पोरीहो, भेऊ नोका." पुढे मरेपर्यंत तसं म्हटल्याशिवाय ती कोणत्याच अंधाऱ्या खोलीत शिरली नाही. माझे हे गेल्यावरही मी पांढरं नेसले नाही. पण परवा वीज गेली, मेणबत्ती घेऊन नातीच्या खोलीशी गेले, आणि दाराबाहेरच माझे पाय थांबले.