पुंगळी काढलेली गाडी

कारखान्यातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचतात. पॉवर प्रेसखाली पत्र्याच्या चकत्या साचतात तसे. शिफ्टभर तिकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि सुटताना पाहावं तर घोट्याएवढा ढीग झालेला असतो. आम्ही जुने लोक कुठं लग्नकार्यात भेटलो की एकजण एक चकती उचलतो, दुसरा दुसरी उचलतो. बऱ्यापैकी हसतो. मग कुणीतरी दशरथचं नाव काढतं आणि हसणं कमी कमी होत जातं. तरी सांगायचे झाले तर त्याचेच सांगावे लागतात, कारण सगळ्यात चांगले त्याचेच आहेत.

आमचा कारखाना नागापूरच्या एमआयडीसीत. नव्वदनंतरची ती वर्षं. मी स्टोअरला होतो, दशरथ साळवे आणि पोपट कुलथे प्रेस शॉपला. दशरथ मूळचा बेलापूरकडचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने एकाच प्रेसवर काढली होती, आणि त्या प्रेसने त्याचे कान खाल्ले होते. त्याला ऐकू येणं दर वर्षी थोडं थोडं कमी होत होतं. ही गोष्ट मला, कुलथेला आणि दशरथच्या बायकोला, शांतावहिनींना, एवढ्यांनाच ठाऊक होती. कंपनीला कळलं असतं तर त्याला प्रेसवरून उतरवलं असतं, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. म्हणून आम्ही ते लपवत होतो.

कारखान्यात लपवणं अवघड नव्हतं. प्रेस शॉपमध्ये तोंडाने कुणी बोलतच नसे. ओठ वाचायचे आणि हात हलवायचे. आकडे बोटांवर, चहा अंगठ्यावर, साहेब येतोय हे कपाळाला बोट लावून. नवा माणूस पहिले काही दिवस ओरडून घसा बसवून घ्यायचा, मग तोही हात हलवायला लागायचा.

दशरथ म्हणायचा, "आत समदे सारकेच. मला भ्या वाटतं ते गेटाबाहेर."

*

कानात घालायच्या बोळ्यांचा किस्सा आधी सांगतो, कारण तो लहान आहे.

बाहेरचे तपासणीवाले येणार असले की सकाळीच माझ्या स्टोअरमधून रबरी बोळ्यांचा खोका बाहेर निघायचा. प्रत्येकाला एक जोडी. एरवी मशीन पुसायच्या वेस्टचा कापूस कानात कोंबून काम चाले. तपासणीवाले गेले की साहेबांचा निरोप यायचा, "बोळे पुसून जमा करा." मी खोका घेऊन उभा राहायचो आणि लोक रांगेने बोळे टाकत जायचे.

एकदा आलेल्या साहेबांनी दशरथसमोर थांबून विचारलं, "काय, याने फरक पडतो का?"

दशरथने ओठ वाचले आणि सांगितलं, "लई फरक. कायबी ऐकू येत न्हाई."

साहेब खूश होऊन पुढे गेले. दशरथचे बोळे त्याच्या खिशात होते.

*

त्याच्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. एके दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर गेटाच्या तोंडाशी ती बंद पडली. दशरथला पत्ता नाही. तो सीटवर बसून अॅक्सिलरेटर पिळतोय, गिअर टाकतोय, आणि गाडी हलत का नाही म्हणून खाली चाकाकडे बघतोय. मागे सगळी शिफ्ट खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, "साळवे, आधी चालू तर करा." सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्याच दिवशी तो आम्हाला घेऊन मनमाड रस्त्यावरच्या रशीदच्या गॅरेजवर गेला.

सायलेन्सरच्या शेपटाकडे एक बोल्ट असतो. तो काढला की आतून भोकाभोकांची नळी बाहेर येते. तिला आमच्याकडे पुंगळी म्हणतात. आवाज ती गिळते. ती काढून जागेवर पाण्याच्या पाइपाचा तुकडा बसवला की गाडी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाते. कॉलेजची पोरं हे काम रशीदकडून करून घ्यायची. बाजारातली तयार नळी महाग पडे, हा पाइपाचा तुकडा स्वस्तात होई.

रशीद म्हणाला, "पोरगा कुठंय? त्याला विचारून कापतो. नंतर म्हणतात आवाज बारीक झाला."

"पोराची न्हाई, माझीच हाय," दशरथ म्हणाला.

रशीदने त्याच्या पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहिलं. "दशरथभाऊ, या वयात कुणाला ऐकवायचंय?"

दशरथ त्याच्या ओठांकडे बघत होता. "मला," तो म्हणाला.

रशीदला वाटलं, विनोद केला. तो हसत हसत पाना शोधायला आत गेला.

*

काम झालं. गाडी गर्जायला लागली आणि दशरथला ती चालू आहे की बंद ते कळायला लागलं. त्या दिवशी त्याने आम्हाला भजी खिलवली. पण त्याच्या गल्लीत समोर एक मास्तर राहायचे. त्यांच्या मुलीचं बारावीचं वर्ष. मास्तर एका संध्याकाळी आले आणि हात जोडून म्हणाले, "साळवे, पहाटे पोरगी अभ्यासाला बसते. तेवढं बघा."

मास्तरांनी हात जोडलेले पाहून दशरथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे गाडी ढकलत न्यायचा. गल्ली चढाची. ती संपून डांबरी लागली की किक मारायची. असं बरेच दिवस चाललं. पावसाळ्यात चिखल झाला, तरी चाललं.

एक दिवस मास्तर पुन्हा आले. "साळवे, तुम्ही गाडी चालूच करत जा."

"का वं?"

"गाडीचा आवाज एकदाच येऊन जातो. तुमच्या धापा गल्ली संपेपर्यंत ऐकू येतात. पोरगी म्हणते, माझं लक्ष लागत नाही."

*

आता आमचा शहाणपणा ऐका.

तिघे सोबत कामावर जायचो, तेव्हा दशरथ मध्येच वळायचा. मागून हॉर्न दिला तरी उपयोग नसे. एकदा कुलथेची गाडी त्याच्या गाडीला घासून गेली आणि दोघे खडीवर पडले. गुडघे फुटले. चहाच्या टपरीवर बसून कुलथेने माझ्यापुढे विचार मांडला.

"अण्णा, त्याला त्याची गाडी ऐकू येती, का? तर पुंगळी न्हाई म्हनून. मग आपल्याबी काढू. मागं कोन हाय ते त्याला कळंल."

मला ते पटलं. आम्ही दोघांनीही पुंगळ्या काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तीन डबे खांद्याला लावलेली तीन पोक्त माणसं रस्ता हादरवत निघाली. नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"मुलंबाळं किती?" त्याने कुलथेला विचारलं.

"तीन."

"थोरलं काय करतं?"

"दहावीला हाय."

"आणि बाप ही थेरं करतो. त्याला आणा बोलवून, मी त्याच्याशी बोलतो."

हवालदाराचं सहन केलं असतं. खरी चूक दोन दिवसांनी कळली. आमच्या दोन गाड्यांच्या गडगडाटात दशरथला स्वतःची ऐकू येईना. त्याची उतारावर बंद पडली तरी तो आमच्या आवाजावर निवांत बसून राहायचा आणि गाडी थांबत थांबत रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. एकदा मागून उसाचा ट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दशरथने मान डोलावून त्याला हात केला. त्याला वाटलं, ट्रकवाला ओळखीचा आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे पुंगळ्या परत घालायला रशीदकडे गेलो.

रशीद म्हणाला, "काढायची मजुरी दिली, आता घालायची देताय. असं गिऱ्हाईक खुदा सगळ्यांना देवो."

आम्ही हसलो नाही. मग आम्ही त्याला सगळं सांगितलं. त्याने दशरथकडून घेतलेली मजुरी परत द्यायला काढली. आम्ही म्हणालो, दिलीस तर आम्ही तुला सांगितलं ते त्याला कळेल. त्याने ती पुन्हा गल्ल्यात टाकली आणि बराच वेळ गल्ल्याला कुलूप लावत बसला.

*

मग ती वैद्यकीय तपासणी आली. प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाचे कान तपासायचे, असं वरून आलं होतं. पद्धत साधी होती. माणसाने डॉक्टरांकडे पाठ करून स्टुलावर बसायचं. डॉक्टर मागे उभे राहून, हातातल्या कागदात बघत, हळू आवाजात आकडे बोलणार. माणसाने तोच आकडा म्हणायचा.

कुलथेने ठरवलं की दशरथच्या नंतर रांगेत आपण राहायचं. म्हणजे दशरथच्या तोंडासमोर उभं राहता येतं. डॉक्टर बोलले की बोटं मांडीवर धरायची, प्रेस शॉपच्या रिवाजाने. दशरथ तर आयुष्यभर बोटं वाचत आलेला.

मी दारातून बघत होतो. डॉक्टर पुटपुटले, "सात." कुलथेची बोटं हलली. दशरथ म्हणाला, "सात." "तीन." "तीन." "नऊ." "नऊ." डॉक्टरांनी समाधानाने पेन उघडलं. मला सुटल्यासारखं झालं. कुलथेलाही झालं असावं. त्याने दोन बोटांनी नाक खाजवलं.

"दोन," दशरथ म्हणाला.

डॉक्टरांनी पेन तसंच धरलं. "मी अजून काही बोललो नाही."

दशरथ हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत पुढच्या आकड्याची वाट पाहत होता.

त्या महिन्यातच कंपनीने त्याला मोकळं केलं. प्रेस सोडून दुसरीकडे द्या म्हणून कुलथे साहेबांपुढे जाऊन रडला. साहेब म्हणाले, जागा नाही. आजही चारचौघांत नाक खाजलं की कुलथे आधी आजूबाजूला बघतो. बहुतेक वेळा तसाच राहतो.

*

घरी बसल्यावर दशरथचं ऐकू येणं आणखी कमी झालं. बोलायला कुणी नाही, ओठ वाचायला कुणाचे नाहीत. गाडी अंगणात फाटकाजवळ पोतं पांघरून उभी.

पुढच्या हिवाळ्यात कुलथेने एक काम काढलं. राहुरीच्या एका बेकरीवाल्याला गावोगावच्या दुकानांत पाव आणि टोस्ट पोचवायला माणूस हवा होता. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. दशरथ लगेच तयार झाला. कित्येक महिन्यांनी त्याने दाढी केली. पण शांतावहिनी ऐकेनात. मला आणि कुलथेला त्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं.

"भाऊजी, रस्त्यानं ट्रक कसे येत्यात ते तुमी पाह्यलंय. मला नोकरी नको आन काय नको."

"वहिनी, पुंगळी काढलेली गाडी आहे. ती त्याला ऐकू येते," मी म्हणालो.

त्यांनी जरा विचार केला. "मग आसं करू. रशीदभाऊंना बोलवा गाडी दुरुस्तीला. हे तुमच्यासंगं वट्ट्यावर बसत्याल, फाटकाकडं पाठ करून. गाडी चालू झाली आन यांची मान वळली, तर जाऊ द्या त्यांना. मी आडवी येनार न्हाई."

"आणि नाही वळली तर?"

वहिनींनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

रविवारी रशीद पिशवी घेऊन आला. दशरथने त्याला हात केला, गाडीकडे बोट दाखवलं आणि आमच्याबरोबर ओट्यावर बसला. वहिनींनी मध्ये भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. दशरथ शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत होता आणि बेकरीच्या कामाबद्दल सांगत होता. कुठल्या गावाला आधी जायचं, पावसात पावाचा डबा कसा झाकायचा, सगळं त्याने ठरवलं होतं. त्याच्या खांद्यावरून मला रशीद दिसत होता. प्लग काढला, पुसला, बसवला. किक मारली. गाडी नुसती फुसफुसली. पुन्हा मारली. पुन्हा. रशीदने घाम पुसला.

आणि मग ती चालू झाली.

पुंगळीशिवायचा तो आवाज अंगणात मावेना. कोंबड्या कुंपणाखालून पळाल्या. समोरचे मास्तर गॅलरीत आले. रशीदने आमच्याकडे बघत अॅक्सिलरेटर पिळला, आणखी पिळला, पार शेवटपर्यंत पिळून धरला. मला कुलथेचं बोलणं ऐकू येईना, नुसते ओठ हललेले दिसले. वहिनींनी दाराची चौकट धरली होती. त्या दशरथच्या मानेकडे बघत होत्या.

दशरथने आणखी एक शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले. मग त्याने एकेक करून आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि समजूत घालावी तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आरं, आसं तोंड पाडून नका बसू," तो म्हणाला. "जा, रशीदला सांग, बस कर म्हनावं आता. लई किका मारल्या बिचाऱ्यानं. आज न्हाई व्हायची ती चालू."